रॉबर्ट पोलार्ड यांचे शंभराहून अधिक अल्बम: कोठून सुरुवात करावी आणि काय खुशाल सोडून द्यावे

देवगडच्या एका तरुण वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गाइडेड बाय व्हॉइसेस या अमेरिकी बँडचा 'बी थाउजंड' हा अल्बम त्यांनी ऐकला व तो त्यांना आवडला. पुढे शोध घेतला तेव्हा या बँडचे मुख्य गीतकार आणि गायक रॉबर्ट पोलार्ड यांच्या नावावर शंभराहून अधिक अल्बम असल्याचे दिसले आणि पुढची पायरीच सापडेना. हे सारे काळाच्या क्रमाने ऐकावे काय, एवढ्या ढिगात भरीची गाणी किती असतील, आणि 'बी थाउजंड'चा आवाज इतका खरखरीत येतो तो दोष इअरफोनचा की ध्वनिमुद्रणाचा, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. मी कुडाळ परिसरात ध्वनिमुद्रणाचे काम करतो. भजने आणि दशावतारी नाटके मुद्रित करणे हा माझा नेहमीचा व्यवसाय आहे, आणि पोलार्ड यांचे संगीत मी बरीच वर्षे ऐकत आलो आहे. त्यामुळे आवाजाच्या प्रश्नाला मी थोडी अधिक जागा देणार आहे, कारण माझ्या मते याच प्रश्नातून उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे निघतात.

क्रमाचे उत्तर आधी देतो: काळाच्या क्रमाने ऐकू नये. बँडची पहिली तबकडी १९८६ सालची आहे. त्यानंतर १९८७ मध्ये दोन अल्बम, १९८९ मध्ये एक आणि १९९० मध्ये एक असे ते निघत गेले. हे सर्व ओहायो राज्यातील डेटन या शहरात, स्वतःच्या खिशातून पैसे घालून, अगदी थोड्या प्रती काढून केलेले काम आहे. १९५७ साली जन्मलेले पोलार्ड त्या काळात प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि बँड हा संध्याकाळचा व सुटीचा उद्योग होता. या अल्बमांत चांगली गाणी आहेत, परंतु गायक अजून आपला आवाज शोधत आहे, कधी या तर कधी त्या लोकप्रिय बँडच्या सावलीत उभा राहून पाहत आहे. जो श्रोता येथून निष्ठेने सुरुवात करतो, तो १९९२ पर्यंत पोहोचण्याआधीच थकतो, असा माझा अनुभव आहे. त्याऐवजी मुद्रणाच्या पद्धतीनुसार गट पाडून ऐकावे, आणि प्रत्येक गटातील सर्वांत भक्कम अल्बमापासून बाहेरच्या दिशेने जावे. पोलार्ड यांची चाल बांधण्याची रीत गेल्या साडेतीन दशकांत फारशी बदललेली नाही; ज्या यंत्रावर, ज्या खोलीत आणि ज्यांच्या साथीने ती चाल पकडली गेली, ते मात्र वारंवार बदलले आहे.

आता खरखरीकडे वळतो. इअरफोनचा दोष नाही, ते बदलण्यात पैसे घालवू नयेत. 'बी थाउजंड' (१९९४) आणि 'एलियन लेन्स' (१९९५) हे दोन्ही अल्बम मुख्यतः घरात, तळघरात व गॅरेजमध्ये चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर मुद्रित झाले. नेहमीच्या कॅसेटमध्ये फीत सुमारे ३.८ मिलिमीटर रुंद असते आणि तिच्यावर एका बाजूला दोन व दुसऱ्या बाजूला दोन असे चार पट्टे असतात. चार ट्रॅकचे यंत्र हे चारही पट्टे एकाच दिशेने वापरते. म्हणजे ढोल, गिटार, बास आणि गळा यांना प्रत्येकी एक अरुंद पट्टा मिळतो. पाचवी गोष्ट हवी असेल, समजा दुसरा गळा किंवा आणखी एक गिटार, तर आधीचे दोन-तीन पट्टे एकत्र करून उरलेल्या पट्ट्यावर उतरवावे लागतात. त्याला बाऊन्स करणे म्हणतात. प्रत्येक बाऊन्सनंतर फितीची सरसर वाढते, वरचे स्वर बोथट होतात, आणि ढोलाचा ठोका दाबला जाऊन गिटारमध्ये मिसळतो. ज्यांनी कोकणातील जुन्या भजनांच्या कॅसेटची कॉपी, मग त्या कॉपीचीही कॉपी ऐकली आहे, त्यांना हा परिणाम वेगळा समजावून सांगण्याची गरज पडू नये.

परंतु यात केवळ गरिबी नव्हती, हे लक्षात घ्यावे. बँडने त्याआधी स्टुडिओत काम केलेले होते आणि तेथील स्वच्छ, बेतशुद्ध आवाज पोलार्ड यांना निर्जीव वाटत होता. घरच्या यंत्रावर चाल सुचल्याच्या दिवशीच ती पकडता येत असे. हे यंत्र बहुतेक वेळा सांभाळणारे टोबिन स्प्राउट हे स्वतः उत्तम गीतकार आहेत. 'एलियन लेन्स'मधील 'अ गुड फ्लाइंग बर्ड' व 'लिटल व्हर्ल' ही त्यांची गाणी आहेत. पोलार्ड यांचा भारदस्त, किंचित ब्रिटिश उच्चाराचा आवाज आणि स्प्राउट यांचा हलका आवाज यांतील फरक दोन-तीन वेळा ऐकल्यावर सहज कळू लागतो, आणि तो कळला की या काळातील अल्बमांची रचना अधिक स्पष्ट होते. 'बी थाउजंड'च्या पहिल्याच गाण्यात, 'हार्डकोअर यूएफओज'मध्ये, एका ठिकाणी गिटारचा आवाज क्षणभर गळून पडतो. माझ्यासारख्या माणसाने तो टेक लगेच पुन्हा घेतला असता. तो तसाच ठेवण्यात आला, आणि आज तो दुरुस्त केलेला ऐकायला मला आवडणार नाही. ऐकताना इक्वलायझरने खरखर कापण्याचा प्रयत्न करू नये. ती ज्या पट्टीत आहे त्याच पट्टीत गळ्याची धारही आहे, आणि दोन्ही एकदमच जातात. आवाज मात्र थोडा मोठा ठेवावा, कारण एका गाण्याची पातळी दुसऱ्याशी जुळत नाही आणि हळू गाणी सहज निसटतात.

'बी थाउजंड'मध्ये २० गाणी सुमारे ३६ मिनिटांत संपतात. 'एलियन लेन्स'मध्ये २८ गाण्यांना ४१ मिनिटे लागतात, म्हणजे एका गाण्याला सरासरी दीड मिनिटही मिळत नाही. कणकवलीला गाडीत बसून 'बी थाउजंड' लावला तर कुडाळ स्टेशन सोडल्यावर थोड्याच वेळात तो पुरा होतो. हा आखूडपणा नव्या श्रोत्याला खटकतो. गाणे आत्ता कोठे रंगात आले आणि संपलेसुद्धा, अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. पोलार्ड यांच्यावर १९७० च्या दशकातील वायर या ब्रिटिश बँडचा मोठा प्रभाव आहे. सुचलेले सांगून झाले की थांबावे, कडवे केवळ रिवाज म्हणून पुन्हा म्हणू नये, ही शिस्त तेथून आली. त्याच वेळी बीटल्स आणि द हू या बँडांच्या चालींचा गोडवा आणि गायक पीटर गॅब्रिएल यांच्या काळातील जेनेसिस या बँडची गुंतागुंतही त्यांना सोडवत नाही. आपल्या संगीताचे चार आधार पॉप, पंक (आखूड, आक्रमक रॉक), सायकेडेलिया (स्वप्नवत, भास निर्माण करणारे रॉक) आणि प्रोग (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचे रॉक) असल्याचे ते स्वतःच सांगत आले आहेत. पुष्कळदा ते आधी गाण्यांच्या नावांची यादी करतात आणि नावावरून गाणे बांधतात. म्हणून शब्दांतून कथा शोधत बसू नये. शब्द कसे ठेक्यात बसले आहेत आणि कोणत्या शब्दावर चाल वर चढते, एवढे ऐकले तरी पहिल्या फेरीला पुरेसे होते. अर्थ पुढे आपोआप साचतो, कधी साचतही नाही.

या दोन अल्बमांवर निदान आठवडाभर थांबावे आणि त्यानंतर एक छोटा अभ्यास करावा. 'एलियन लेन्स'मधील 'गेम ऑफ प्रिक्स' हे जेमतेम दीड मिनिटाचे गाणे ऐकून त्याच वर्षीच्या 'टायगरबॉम्ब' या छोट्या तबकडीवरील त्याचे स्टुडिओत पुन्हा केलेले मुद्रण लगेच ऐकावे. दुसऱ्या मुद्रणात ढोल स्पष्ट आहेत, बास ऐकू येतो, सर्व काही जागच्या जागी आहे. कोणते आवडले हे प्रामाणिकपणे स्वतःला विचारावे. पहिले आवडले असेल तर मागे जाऊन 'व्हॅम्पायर ऑन टायटस' (१९९३) घ्यावा, जो मुद्रणाच्या दृष्टीने सर्वांत ओबडधोबड आहे, आणि त्याच्याही मागचा 'प्रोपेलर' (१९९२) घ्यावा. 'प्रोपेलर' हा शेवटचा अल्बम ठरवूनच काढण्यात आला होता; ५०० प्रती छापल्या आणि त्यांची वेष्टने बँडने व मित्रांनी हाताने, प्रत्येक वेगळे, अशी तयार केली. त्याच्या सुरुवातीला बँडच्या नावाचा जयघोष करणारा जो जमाव ऐकू येतो, तोही त्यांनी स्वतःच ओरडून तयार केला आहे; गर्दी जमत नसलेल्या बँडने आपली गर्दी आपणच मुद्रित करून घेतली. हाच अल्बम क्लीव्हलंडच्या स्कॅट रेकॉर्ड्स या तबकड्या काढणाऱ्या कंपनीच्या कानी पडला आणि शेवट म्हणून काढलेल्या तबकडीनंतर बँडची खरी कारकीर्द सुरू झाली. पोलार्ड तेव्हा पस्तिशीत होते. दुसरे, स्वच्छ मुद्रण आवडले असेल, तर 'प्रोपेलर'ची घाई करू नये आणि थेट 'आयसोलेशन ड्रिल्स'कडे जावे. त्याविषयी पुढे लिहितो.

आता भरीच्या गाण्यांचा प्रश्न. यात एक गृहीतक दडलेले आहे: प्रत्येक अल्बम हा निवडून, तपासून, शेवटचे म्हणून दिलेले विधान असते. पोलार्ड यांच्याकडे ते लागू पडत नाही. आपल्याकडे सिंधुदुर्गात डबलबारी भजनाचे बुवा चवथीपासून पुढे हंगामभर उभे राहतात. अभंग व गवळण ठरलेली असली तरी गजर दर हंगामाला नवे, समोरच्या बुवाला उत्तर म्हणून बांधलेले, आणि त्यांतील मोजकेच पुढच्या वर्षी श्रोत्यांच्या तोंडी उरतात. बाकीचे गजर वाया गेले असे कोणी म्हणत नाही, कारण ते बांधल्याखेरीज उरलेलेही झाले नसते हे सर्वांना ठाऊक असते. पोलार्ड यांचे लेखन याच जातीचे आहे. ते सतत लिहितात, लिहिलेले घरच्या कॅसेटवर गातात, आणि त्यातील बराच भाग प्रसिद्ध करून टाकतात. निवडीचे काम ते करतच नाहीत असे मात्र नव्हे. 'बी थाउजंड' हा जुन्या-नव्या कितीतरी तुकड्यांतून, क्रम पुन:पुन्हा बदलून बेतलेला अल्बम आहे आणि त्याची थोरवी बऱ्याच अंशी या बेतण्यात आहे. परंतु इतर अनेक अल्बमांत ही निवड श्रोत्यावर सोडलेली असते. माझे ठाम मत असे की हा त्यांच्या संगीताचा दोष मानण्यापेक्षा ते ऐकण्याची अट मानावी. सर्व ऐकून पूर्ण करण्याचा संकल्प करणारा येथे हटकून कंटाळतो. आपली निवड आपण करायला तयार असणारा श्रोता टिकतो.

स्टुडिओचा काळ १९९६ पासून सुरू होतो. 'अंडर द बुशेस अंडर द स्टार्स' (१९९६) हा दोन पद्धतींच्या उंबरठ्यावरचा, जुन्या मंडळींचा त्या फेरीतील अखेरचा अल्बम आहे, आणि 'द ऑफिशियल आयर्नमेन रॅली साँग' व 'डोन्ट स्टॉप नाऊ' या दोन गाण्यांसाठी तो ऐकलाच पाहिजे. पुढच्या वर्षी 'मॅग इअरव्हिग!' साठी पोलार्ड यांनी कोब्रा व्हर्डे हा दुसराच बँड साथीला घेतला आणि तेथून डग गिलार्ड हे गिटारवादक त्यांच्या कामात आले. गिलार्ड यांच्या येण्याने चालींना लागणारा वाद्यांचा आधार पक्का झाला. १९९९ चा 'डू द कोलॅप्स' कार्स या बँडचे रिक ओकासेक यांनी निर्मित केला. त्यात सर्व काही इतके गुळगुळीत आहे की जुने चाहते अजूनही त्याच्यावर डाफरतात. मला तो तितका वाईट वाटत नाही, 'टीनेज एफबीआय' हे गाणे तर या गटाचे उत्तम प्रवेशद्वार आहे. परंतु या काळातील खरा उभा राहणारा अल्बम म्हणजे 'आयसोलेशन ड्रिल्स' (२००१). निर्माते रॉब श्नॅफ यांनी बँड प्रत्यक्ष मंचावर जसा वाजतो तसा, जड गिटार आणि मोकळे ढोल ठेवून पकडला. त्या सुमारास पोलार्ड यांच्या घरच्या आयुष्यात पडझड सुरू होती, आणि एरवी शब्दांच्या आड लपणारा हा गीतकार येथे काहीसा उघडा पडतो. 'चेसिंग हेदर क्रेझी' आणि 'ग्लॅड गर्ल्स' यांनी सुरुवात करावी. ज्यांना खरखरीचे वावडे आहे अशा मित्राला द्यायला यापेक्षा चांगला अल्बम माझ्याजवळ नाही.

यानंतरचे तीन अल्बम, 'युनिव्हर्सल ट्रूथ्स अँड सायकल्स' (२००२), 'अर्थक्वेक ग्लू' (२००३) आणि 'हाफ स्माइल्स ऑफ द डिकंपोज्ड' (२००४), निर्माते टॉड टोबायस यांच्यासोबतचे आहेत. पहिला सर्वांत श्रीमंत आहे. तिसरा निरोपाचा म्हणून काढला गेला. ३१ डिसेंबर २००४ रोजी शिकागोच्या मेट्रो या सभागृहात बँडने चार तासांच्या आसपास चाललेला कार्यक्रम करून विश्रांती घेतली.

येथून पुढे रस्ता फुटतो, आणि बहुतेकांची दिशा येथेच चुकते. पोलार्ड यांनी बँड थांबवला म्हणजे लिहिणे थांबवले असे झाले नाही. त्यांचे स्वतःच्या नावावरचे अल्बम १९९६ च्या 'नॉट इन माय एअरफोर्स'पासूनच सुरू झाले होते. आता ते दरवर्षी दोन-दोन येऊ लागले. २००७ साली तर दोन अल्बम एकाच दिवशी प्रसिद्ध झाले. या काळातील कामाची पद्धत अशी होती की पोलार्ड घरी गिटारवर गाऊन नमुने पाठवत, टॉड टोबायस बहुतेक वाद्ये एकटे वाजवून त्यावर इमारत उभी करत, आणि शेवटी पोलार्ड येऊन गळा लावत. ध्वनिमुद्रक म्हणून मला या पद्धतीचे कौतुक आहे, पण तिची मर्यादाही ऐकू येते: एका माणसाने सर्व वाद्ये वाजवली की परस्परांना धक्का देणारी, एकमेकांवर मात करू पाहणारी मंडळी नसतात, आणि सातआठ अल्बमांनंतर ढोलांची बोली ओळखीची होते. म्हणून या ढिगातून मी फक्त २००६ चा 'फ्रॉम अ कंपाउंड आय' आग्रहाने सुचवतो. २६ गाण्यांचा हा अल्बम पॉप, पंक, सायकेडेलिया आणि प्रोग या चारही आधारांवर एकाच वेळी उभा आहे, आणि निवांत दुपारी सलग ऐकण्याजोगा आहे. गिलार्ड यांच्यासोबतचा १९९९ चा 'स्पीक काइंडली ऑफ युअर व्हॉलंटिअर फायर डिपार्टमेंट' हा त्याआधीचा असला तरी याच गटात घ्यावा. संगीत गिलार्ड यांचे, शब्द व गळा पोलार्ड यांचा, आणि माझ्या दृष्टीने बँडबाहेरचे त्यांचे हे सर्वोत्तम काम आहे.

शोध घेताना केवळ पोलार्ड यांचे नाव टाकले तर अर्धेही हाती लागत नाही, कारण त्यांनी असंख्य नावांखाली काम केले आहे. टोबिन स्प्राउट यांच्यासोबत ते एअरपोर्ट ५ होतात, गिलार्ड यांच्यासोबत लाइफगार्ड्स, टॉमी कीन यांच्यासोबत कीन ब्रदर्स. टॉड व टिम टोबायस या भावांसोबतच्या सर्कस डेव्हिल्सचे अल्बम २००१ ते २०१७ या काळात निघत राहिले. ते अंधारे, विक्षिप्त आणि बरेचदा मुद्दाम कर्कश आहेत. पहिल्या वर्षात त्यांच्या वाटेला जाऊ नये, आणि कधीच गेले नाही तरी चालेल. याउलट बॉस्टन स्पेसशिप्स हे नाव जरूर लक्षात ठेवावे. ख्रिस स्लुसारेंको आणि ढोलवादक जॉन मोएन यांच्यासोबत २००८ ते २०११ या काळात त्यांनी पाच अल्बम केले. येथे पुन्हा जिवंत बँडची ऊब आहे, आणि शेवटचा 'लेट इट बीअर्ड' हा पसरट असूनही आनंदी अल्बम आहे.

२०१० मध्ये नव्वदच्या दशकातील मंडळी पुन्हा एकत्र आली, २०१२ या एकाच वर्षात तिने तीन अल्बम काढले, आणि २०१४ मध्ये तीही फेरी संपली. प्रत्येक अल्बमात चार-पाच गाणी चांगली आहेत. स्प्राउट यांच्यावर ज्यांचे मन जडले असेल त्यांनी हा काळ अवश्य चाळावा. इतरांनी पुढे जावे.

पुढे जावे असे म्हणतो, कारण २०१७ पासूनचा काळ हा या सर्व पसाऱ्यातील सर्वांत कमी ऐकला गेलेला आणि माझ्या मते सर्वांत कमी लेखला गेलेला भाग आहे. गिलार्ड परत आले, बॉबी बेअर ज्युनियर, मार्क शू आणि केव्हिन मार्च यांच्यासह पाच जणांचा संच स्थिर झाला, आणि ट्रॅव्हिस हॅरिसन यांच्या हाती मुद्रण गेले. या संचाचा पहिला अल्बम 'ऑगस्ट बाय केक' (२०१७) हा पोलार्ड यांच्या कारकिर्दीतील शंभरावा स्टुडिओ अल्बम म्हणून जाहीर झाला होता. त्यात ३२ गाणी असून इतर सदस्यांचीही गाणी आहेत, त्यामुळे तो काहीसा सैल आहे. सुरुवात २०१८ च्या 'स्पेस गन'पासून करावी. त्या वर्षी बँडने हा एकच अल्बम काढला आणि तो संयम त्यात ऐकू येतो. त्यानंतर २०१९, २०२० आणि २०२३ या प्रत्येक वर्षी तीन-तीन अल्बम निघाले. २०१९ मधील दोन शेजारी ठेवून ऐकण्यासारखे आहेत: 'झेपलिन ओव्हर चायना' हा ३२ गाण्यांचा, विस्तृत आणि भरीव, तर 'वॉर्प अँड वूफ' २४ गाण्यांचा, 'एलियन लेन्स'च्या चालीचा, ज्यातील काही मुद्रण दौऱ्यावर, हॉटेलात आणि गाडीत झाले. साठी ओलांडलेला माणूस जुन्या घाईची नक्कल न करता पुन्हा त्या घाईत शिरू शकतो काय, या प्रश्नासाठी दुसरा अल्बम ऐकावा. २०२० च्या टाळेबंदीत 'स्टाइल्स वी पेड फॉर' हा सदस्यांनी आपापल्या ठिकाणी राहून केला, आणि मला तो थोडा थंड वाटतो. एका खोलीत वाजणारे हात काय देतात हे त्याच्या अभावातून कळते. २०२२ चा 'क्रिस्टल नन्स कॅथीड्रल' नेटका व भारदस्त आहे. त्याच वर्षीच्या 'ट्रेम्बलर्स अँड गॉगल्स बाय रँक'मध्ये गाणी लांबतात, वळणे घेतात, आणि दीड मिनिटाच्या गाण्यांचा माणूस म्हणून ज्यांना पोलार्ड माहीत आहेत त्यांना तो चकित करतो.

'सूटकेस' या संचांचा उल्लेख राहिला. २००० सालापासून निघालेल्या या चार पेट्यांत प्रत्येकी १०० अप्रसिद्ध गाणी आहेत, आणि प्रत्येक गाण्याला एका काल्पनिक बँडचे नाव दिलेले आहे. यांत रत्ने आहेत, कच्चे प्रयत्न आहेत, आणि निव्वळ टिवल्याबावल्याही आहेत. नवख्याने यांना हात लावू नये. दीडदोन वर्षांनी, पोलार्ड यांची चाल कानात बसल्यावर, पहिला संच घ्यावा. तेव्हा एखादी चाल कच्च्या स्वरूपात भेटते आणि ती पुढे कोठे गेली हे ओळखण्याचा वेगळाच आनंद मिळतो. टाकलेले गाणे ते कायमचे टाकत नाहीत. २०२१ चा 'अर्थ मॅन ब्लूज' हा तर पूर्वी नाकारलेल्या गाण्यांनाच पुन्हा घडवून, शाळेतल्या नाटकासारख्या सूत्रात ओवून केलेला अल्बम आहे, आणि अलीकडच्या कामांत मी त्याला फार वर ठेवतो.

एवढ्या सर्वांतून मार्ग काढण्यासाठी मी एकत्र संगीत ऐकणाऱ्या आमच्या श्रवण गटातील मंडळींना एक रीत सांगतो. एका वेळी एका गटातील तीनच अल्बम घ्यावेत. प्रत्येक अल्बम दोनदा सलग ऐकावा, मधले गाणे ओलांडू नये. नंतर त्या तिन्हींतून २० गाण्यांची आपली यादी करावी आणि तिचा क्रमही विचारपूर्वक लावावा. एका गाण्याच्या तुटक शेवटानंतर दुसऱ्याची कोणती सुरुवात शोभते हे हाताने जुळवून पाहिल्याशिवाय 'बी थाउजंड'चे कसब नीट उमगत नाही. महिन्याने यादी पुन्हा ऐकून पाच गाणी काढून टाकावीत. आमच्या श्रवण गटात कोणत्याही दोघांच्या याद्या आजवर जुळलेल्या नाहीत. कोणी 'रेडमेन अँड देअर वाइव्ह्ज'शिवाय यादी करूच शकत नाही, तर कोणाला ते गाणे रटाळ वाटते, आणि त्यावरून होणारे वाद संपत नाहीत. २००३ साली बँडनेच 'ह्यूमन अम्यूझमेंट्स अ‍ॅट अवरली रेट्स' हा निवडक ३२ गाण्यांचा संग्रह काढला आहे; तो चांगला आहे, परंतु आपली पहिली यादी तयार होईपर्यंत तो पाहू नये.

शेवटी साधनांविषयी, कारण देवगडच्या वाचकांनी तबकड्या मागवाव्यात काय असेही ओझरते विचारले आहे. पावसाळ्यात किनारपट्टीवर वीज आणि नेटवर्क दोन्ही रुसतात, तेव्हा सशुल्क सेवेवरून चालू गटातील तीन अल्बम आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावेत. ते शक्यतो मूळ क्रमातच उतरवावेत. गाणी उलटसुलट वाजवणारा पर्याय बंद ठेवावा, कारण या अल्बमांत दोन गाण्यांमधील सांधा हा रचनेचाच भाग आहे. विकत घ्यायचेच असेल तर सीडी घ्यावी. परदेशातून एलपी मागवणे टपाल व सीमाशुल्कामुळे महाग पडते, आणि आपल्या दमट हवेत एलपीच्या पुठ्ठ्याला व कॅसेटच्या फितीला बुरशी धरते. माझ्या कामाच्या खोलीत पावसाचे चार महिने ओलावा शोषणारे यंत्र चालू ठेवूनही जुन्या कॅसेटवर पांढरे ठिपके येतात. तरीही एखादी एलपी हवीच असेल, तर ती 'एलियन लेन्स'ची घ्यावी, वेष्टन प्लास्टिकच्या पिशवीत घालून उभी ठेवावी, आणि लोखंडी कपाटात भिंतीपासून थोडी दूर ठेवावी.